स्वप्नांवरचं इन्स्टॉलेशन प्रदर्शन, सांगली : नववीच्या ४५ मुलांना कसं दाखवावं?

खडू_फळा

नमस्कार. मार्चअखेरीस सांगलीत विश्रामबाग भागात कला शाखेच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन भरतंय. विषय ‘स्वप्न’. भिंतीवर चित्रं टांगलेली नाहीत. पाच अंधाऱ्या खोल्या आहेत. आत शिरायचं, चालायचं, हात लावायचा, की खोली काहीतरी उत्तर देते. पत्रकावरून समजलं ते असं: पहिल्या खोलीत जमिनीवर प्रोजेक्टरने नदी पाडलीय, पाऊल टाकलं की तरंग उठतात. दुसरीत वाळलेले भोपळे टांगलेत, जवळ गेलं की आतून कुजबुज येते. तिसरीत काचेमागे अधांतरी तरंगणारा माणूस. चौथीत उशा आहेत, उशीवर डोकं टेकलं की छतावरचे दिवे श्वास घेतल्यासारखे मंद-तेज होतात. पाचवीत दिव्याभोवती भोकं पाडलेलं नळकांडं फिरतं आणि त्याच्यासमोर डोळे मिटून बसायचं.

तासगावहून एसटीने नववीची ४५ मुलं घेऊन जायचंय. आम्ही दोन शिक्षक, तिथे हाताशी दीड तास. प्रत्येक खोलीत किती मुलं सोडावीत? एका मुलाला फिट येतात, एका मुलीला दमा आहे, त्यांचं काय करावं? आणि मुलांनी नुसतं ‘भारी होतं’ म्हणून परत येऊ नये, शाळेत काहीतरी करून बघावं अशी इच्छा आहे. काय बघायला सांगू?

पडद्यामागे

मॅडम, आधी वेळेचं गणित करा, कारण अशा ठिकाणी शाळेची सहल फसते ती तिथेच. पाच-पाचचे नऊ गट करा. आत-बाहेर धरून एका खोलीला ४ मिनिटं लागली आणि गट एकामागून एक सोडले, तर शेवटचा गट ५२ मिनिटांत बाहेर पडतो. हे ऐकायला छान आहे, पण उशांच्या खोलीत ४ मिनिटांत काहीच होत नाही. झोपायचं, स्थिर व्हायचं, मग दिवे श्वास घ्यायला लागणार. तिथे ८ मिनिटं लागतातच. एकच खोली ८ मिनिटांची झाली की सगळी रांग तिच्या दाराशी तुंबते आणि ५२ ची ८८ मिनिटं होतात. म्हणजे तुमचा दीड तास त्यातच संपला, बनवणाऱ्या मुलांशी बोलायला वेळच नाही. गट उलटसुलट खोल्यांतून फिरवले तरी फारसा फरक पडत नाही, कारण नऊ गट गुणिले ८ मिनिटं म्हणजे ७२ मिनिटं त्या एका खोलीला लागणारच.

उपाय एकच. त्या खोलीत दोन गट एकदम सोडता येतील का, म्हणजे दहा उशा आणि बाहेर पडायला दुसरं दार आहे का, हे आजच फोन करून विचारा. असतील तर सगळं तासाभरात उरकतं. पाचव्या खोलीत मुलांना नेऊ नका (तिच्याबद्दल खाली वेगळं लिहितो), मग ५६ मिनिटं. उरलेला अर्धा तास बोलण्यासाठी राखून ठेवा.

थांबलेल्या मुलांना उन्हात उभं करू नका. मार्चअखेरच्या उन्हातून थेट काळोखात गेलं की पहिली काही मिनिटं नुसता काळोख दिसतो. रंग बघणाऱ्या पेशी अंधाराला सरावायला ५ ते १० मिनिटं घेतात, मंद उजेडात काम करणाऱ्या पेशींना पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. ४ मिनिटांच्या खोलीत डोळे सरावण्यातच ४ मिनिटं जाणार असतील तर मुलांनी पाहिलं काय? म्हणून पुढचे दोन-तीन गट आतल्या मंद उजेडाच्या बोळात भिंतीला टेकून बसवा. तिथे मोबाइल बंद. एका मुलाने टॉर्च लावला की पंधरा जणांचे डोळे पुन्हा शून्यावर.

चपलांचा घोळ लहान वाटतो, पण ४५ जोड दाराशी पडले की निघताना दहा मिनिटं त्यातच जातात. प्रत्येकाने आपला जोड कपड्यांच्या चिमट्याने एकत्र लावायचा आणि गटाच्या पिशवीत टाकायचा. नऊ पिशव्या. मोजेही काढायला लावा. नदी बहुतेक पांढऱ्या फ्लेक्सवर पाडलेली असेल आणि फ्लेक्सवर मोज्यांचा पाय सरकतो. पाण्याच्या बाटल्या बाहेर.

आणखी दोन गोष्टी फोनवरच विचारून ठेवा: प्रत्येक खोलीत त्यांचा एक स्वयंसेवक असतो का, आणि आत गेलो त्याच दाराने बाहेर यायचं की दुसरं दार आहे? काळे पडदे, थर्मोकोल, एक्स्टेन्शन बोर्ड असं सगळं एका खोलीत असतं, तेव्हा दुसरं दार कुठे आहे हे शिक्षकाला आत शिरण्याआधी माहीत हवं. एकच दार असलेल्या खोलीत पाचापेक्षा जास्त मुलं नकोत. त्या खोलीत पाण्याची बादली भरून ठेवून उपयोग नाही, विजेच्या आगीला एबीसी पावडरचा किंवा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागतो; तो भिंतीवर दिसतोय ना ते बघा.

उद्घाटनाचा दिवस टाळा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी, दार उघडल्यावर अर्ध्या तासाने पोचा. तोवर विद्यार्थ्यांची जुळवाजुळव झालेली असते आणि गर्दी नसते.

तांब्याची_तार

सकाळी जायला आणखी एक कारण आहे आणि ते भोपळ्यांच्या खोलीत कळेल. माणूस जवळ आला हे ओळखायला विद्यार्थी दोनांपैकी एक सेन्सर वापरतात. एक पीआयआर, पांढऱ्या अर्धगोल टोपीचा, जिन्यातला दिवा आपोआप लावणारा. तो माणूस ओळखत नाही. समोरची उष्णता हलली की इशारा देतो. कपाळ, गाल, हात यांचं तापमान साधारण ३३-३४ अंश असतं. सकाळी खोली २७ अंशांवर असते तेव्हा माणूस त्याला स्वच्छ दिसतो. दुपारी पत्र्याखालची खोली ३५ च्या आसपास गेली की माणूस आणि भिंत त्याला सारखीच, आणि भोपळा गप्प बसतो. विद्यार्थी मग संवेदनशीलतेचा स्क्रू पिळून वाढवतात, तर पंख्याच्या गरम झोताने हललेल्या पडद्यालाही तो बोलायला लागतो. शिवाय चालू केल्यावर जवळजवळ एक मिनिट तो स्थिर होत नसतो आणि समोर निश्चल उभ्या माणसाला विसरून जातो. मुलं ‘बंद पडलं’ म्हणून निघतील. त्यांना सांगा, हात हळूच हलवा.

दुसरा एचसी-एसआर०४, दोन डोळ्यांसारख्या चकत्यांचा. तो ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. १ सेंटीमीटरला जाऊन-येऊन ५८ मायक्रोसेकंद, म्हणजे १ मीटरवरच्या माणसाला साधारण ६ मिलिसेकंद. पल्ला २ सेंटीमीटर ते ४ मीटर. याची अडचण कापड. ओढणी, स्वेटर, जाड पडदा आवाज गिळतात, प्रतिध्वनी परतच येत नाही आणि सेन्सरला वाटतं समोर कुणी नाही. समोर तळहात धरला की लगेच ओळखतो. एका खोलीत असे सहा सेन्सर एकदम ओरडले तर एकाचा प्रतिध्वनी दुसरा ऐकतो आणि लांबचा भोपळा उगाच कुजबुजतो. म्हणून त्यांना पाळीपाळीने, मध्ये ६० मिलिसेकंदांचं अंतर ठेवून चालवावं लागतं. मुलांना हेच शोधायला लावा: कुजबुज रिकाम्या हातापाशी आणि ओढणीपाशी सारखीच सुरू होते का? होत नसेल तर आत कुठला सेन्सर आहे ते न उघडता कळलं.

भोपळे मिरजेच्या तंबोऱ्या-सतारीला लागतात तसलेच कडक वाळवलेले असतील तर कान भोपळ्याला लावून ऐकायला सांगा. लहानशा स्पीकरचा पिचका आवाज त्या पोकळीत गोल होऊन येतो. तंबोऱ्याच्या आवाजात भोपळ्याचा वाटा किती आहे ते दोन सेकंदांत समजतं.

नदीच्या खोलीत वर डोकं करून प्रोजेक्टर कुठे आहे बघा. साध्या प्रोजेक्टरचं अंतर आणि चित्राची रुंदी यांचं गुणोत्तर १.५ च्या आसपास असतं. ३ मीटर रुंद नदी पाडायची तर ४.५ मीटर अंतर हवं आणि खोलीची उंची असते ३ मीटर. मग एकतर प्रोजेक्टर आडवा ठेवून ४५ अंशांत आरसा लावतात किंवा ०.५ गुणोत्तराचा शॉर्ट थ्रो (जवळून मोठं चित्र पाडणारा) प्रोजेक्टर आणतात, त्याला दीड मीटर पुरतो. पाय ओळखायला वर डेप्थ कॅमेरा असतो, बहुधा मायक्रोसॉफ्टचा जुना, व्हिडिओ गेमसाठीचा किनेक्ट. कंपनीने तो बनवणं २०१७ मध्ये बंद केलं, तरी कॉलेजांच्या प्रयोगशाळांत अजून आढळतो. तो अवरक्त (डोळ्याला न दिसणारा) प्रकाश टाकून अंतर मोजतो, त्यामुळे दोन गोष्टींनी चकतो. दाराच्या फटीतून ऊन आलं तर उन्हातला अवरक्त प्रकाश त्याचा ठसा पुसून टाकतो. आणि काही काळे कपडे, काळे केस तो प्रकाश इतका शोषतात की त्या जागी कॅमेऱ्याला भोक दिसतं. नदी ज्या मुलाला उत्तर देत नाही त्याने काय घातलंय ते बघा. पाच जण खांद्याला खांदा लावून उभे राहिले तर कॅमेऱ्याला तो एकच मोठा ठिपका. हातभर अंतर ठेवा. कुणी दप्तर खाली ठेवलं तर नदी त्यालाही पाय समजते आणि तिथे तरंग उठतच राहतात.

घरी करायचा प्रयोग सांगून ठेवा: टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबायचं. डोळ्याला न दिसणारा ठिपका पडद्यावर जांभळट लुकलुकतो. तोच अवरक्त.

तरंगणारा माणूस म्हणजे जुनी नाटकी युक्ती. जॉन हेन्री पेपरने १८६२ मध्ये लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये दाखवली, तेव्हापासून त्याचंच नाव. काच ४५ अंशांत, बाजूला लपवलेला प्रकाशित माणूस किंवा पडदा, मागे काळोख. काचेला पुढचा आणि मागचा असे दोन पृष्ठभाग असल्याने जाड काचेत माणूस दुहेरी दिसतो. पातळ शीट घेतली तर ती पोट काढते आणि माणूस वाकडा होतो. विद्यार्थ्यांनी यातलं काय पत्करलंय ते बघण्यासारखं असतं.

उशीत बहुतेक वेलोस्टॅट असेल: काळं प्लॅस्टिक, दाबलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो. त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याची पट्टी किंवा अॅल्युमिनियम फॉइल, आणि १० किलोओहमचा एक रेझिस्टर. डोकं उचलल्यावरही तो लगेच पूर्ववत होत नाही, दिवसभरात त्याचा शून्य (रिकाम्या उशीचं माप) सरकत जातो. चांगल्या विद्यार्थ्याने दर वेळी उशी रिकामी झाल्यावर नवा शून्य घेण्याची सोय केलेली असते, विचारा त्यांना. छतावर डब्ल्यूएस२८१२बी ही रंगीत एलईडी दिव्यांची पट्टी असेल तर पूर्ण पांढऱ्या उजेडात एक दिवा ६० मिलिअँपिअर खातो. मीटरला ६० दिवे, ५ मीटरला ३००, म्हणजे ५ व्होल्टला १८ अँपिअर. वीज एकाच टोकाने दिली तर लांबच्या टोकाला व्होल्टेज पडतं, निळा आधी मरतो आणि पांढरा पिवळट-तांबूस होत जातो. मुलांना उशीवरून हेच बघायला सांगा: पट्टीची दोन्ही टोकं एकाच रंगाची आहेत का?

रंगपेटी

वरची माहिती सोन्यासारखी आहे, पण मॅडम, ही मुलांना आधी सांगू नका. आधी सांगितलं की ४५ मुलं सेन्सर शोधत हात हलवत फिरतील आणि नदी कुणी पाहणार नाही. पहिली फेरी काहीही न सांगता, न बोलता. बाहेर आल्यावर कागद-पेन्सिल द्या आणि दोन मिनिटांत एकच गोष्ट काढायला लावा: तुम्ही काय केलं आणि खोलीने काय केलं. मग तारभाऊंचं सगळं सांगा आणि वेळ उरला तर एका खोलीत परत न्या. ती दुसरी फेरी नदीची असू द्या, तिथे सगळ्यात जास्त सापडतं.

सांगलीची मुलं भावे नाट्यमंदिरात नाटक बघायला जातात, तिथे प्रेक्षक खुर्चीत आणि खेळ रंगमंचावर. इथे खेळ प्रेक्षकाच्या पावलाने सुरू होतो आणि तो थांबला की थांबतो. त्यामुळे ‘चित्र चांगलं आहे का’ हा प्रश्न इथे अपुरा. विचारायचं ते असं: उत्तर किती वेळाने आलं? पायाबरोबर आलं तर नदी पाण्यासारखी वाटते. अर्ध्या सेकंदाने आलं तर बिघाड वाटतो. पण तीन-चार सेकंदांनी, तुम्ही दुसरीकडे बघत असताना, मागे तरंग उठला तर ते स्वप्नासारखं वाटतं, कारण स्वप्नात कारण आणि परिणाम असेच सुटे होतात. माझ्या मते अशा प्रदर्शनात खरी कला या वेळेच्या निवडीत असते. दिवे आणि पडदे कुणीही भाड्याने आणतो.

तयारी म्हणून आठवडाभर आधीपासून मुलांना स्वप्नांची वही ठेवायला सांगा. उशाशी वही, जाग आल्यावर अंथरुणातून न उठता, डोळे नीट उघडायच्या आत चार शब्द. तोंड धुवून आल्यावर बहुतेक सगळं पुसलेलं असतं. पहाटेचं जास्त आठवतं, त्याला कारण आहे. बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात ती झोप अॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये शिकागोत नोंदवली. साधारण दर ९० मिनिटांनी ती येते आणि पहाटेच्या फेऱ्या लांबट असतात. ठळक स्वप्नं बरीचशी त्याच झोपेतली. वहीत चार ओळी असलेलं मूल प्रदर्शनात गेलं की त्याच्याकडे तुलना करायला स्वतःचं काहीतरी असतं.

बनवणाऱ्या मुलांना विचारायला तीनच प्रश्न द्या. पहिल्या आराखड्यातलं काय सोडून द्यावं लागलं? काल काय बंद पडलं आणि कसं दुरुस्त केलं? बघायला येणारे असं काय करतात जे तुम्हाला अपेक्षित नव्हतं? ‘कल्पना कशी सुचली’ हा प्रश्न नको, त्याचं उत्तर त्यांनी परीक्षकांसाठी पाठ केलेलं असतं.

खडू_फळा

सगळ्यांचे मनापासून आभार. स्वप्नांची वही उद्यापासूनच सुरू करते. पडद्यामागे दादा, पाचव्या खोलीबद्दल लिहा ना. फिट येणाऱ्या मुलाला बाहेर ठेवलं तर बाकीच्यांना का नको? आणि त्याला उरलेल्या चार खोल्या चालतील?

पडद्यामागे

पाचवी खोली म्हणजे ब्रायन गायसिन आणि इयन सॉमरव्हिल यांनी १९६० च्या सुमारास केलेल्या ड्रीम मशीनची नक्कल असावी. ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोनवर भोकांचं नळकांडं, आत बल्ब. सेकंदाला ८ ते १३ वेळा उजेड-अंधार होतो आणि मिटल्या डोळ्यांपुढे रंग, नक्ष्या दिसायला लागतात. हिशेब तुम्हीही करू शकता: मिनिटाला ७८ फेऱ्या म्हणजे सेकंदाला १.३, एका ओळीत ८ भोकं असतील तर सेकंदाला साधारण १० झपके. लुकलुकाट सेकंदाला ३ पेक्षा जास्त नको अशी सुरक्षेची मर्यादा टीव्ही आणि वेबसाइटसाठी सांगितली जाते. पापण्यांमधून उजेड आरपार जातो, तेव्हा डोळे मिटणं हे संरक्षण नाही. आणि उजेडाने येणारी फिट अनेकदा याच वयात पहिल्यांदा कळते. तोवर त्या मुलाला किंवा घरच्यांना काहीच माहीत नसतं. ४५ मुलांची जबाबदारी दोघांवर असताना ती खोली वगळणंच बरोबर. नळकांडं थांबवून, खोलीतले दिवे लावून विद्यार्थ्यांनी रचना दाखवली तर जरूर बघा.

त्या मुलाच्या पालकांकडून डॉक्टरांचा सल्ला लेखी घ्या, मग बाकी चार खोल्या. तरीही आधी तुम्ही स्वतः आत जाऊन या: नदीवर वीज चमकते का? पट्टी बिघडून फडफडते का? फडफडत असेल तर तीही वगळा. आत कुणालाही गरगरल्यासारखं वाटलं तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा, तोंड फिरवायचं आणि बाहेर. फिट आलीच तर डोक्याखाली मऊ काहीतरी, आसपासच्या वस्तू बाजूला, झटके ओसरले की कुशीवर. तोंडात चमचा नाही, पाणी नाही, कांदा-चप्पल हुंगवणं नाही, हातपाय दाबून धरणं नाही. घड्याळ लावा, ५ मिनिटांत थांबली नाही तर १०८.

दम्याच्या मुलीसाठी विचारायचं ते असं: कुठल्या खोलीत धुराचं यंत्र, धूप किंवा उदबत्ती आहे का? उजेडाचे झोत दिसावेत म्हणून धूर सोडतात. असेल तर ती खोली तिने टाळावी, आणि तिचा पंप दप्तरात बाहेर न राहता तुमच्या खिशात हवा.

हळदीपेठ

शाळेत करायला सेन्सरपेक्षा सोपं आणि स्वप्नासारखंच काही सुचवतो: वर्गात उलटा रस्ता. चष्म्याच्या दुकानातून +०.५० नंबरची न कापलेली गोल काच आणा. तिचं नाभीय अंतर २ मीटर. उन्हातल्या रस्त्याकडे किंवा मैदानाकडे उघडणारी एक खिडकी सोडून बाकी सगळं काळ्या कागदाने आणि पुठ्ठ्याने बंद करा. त्या खिडकीच्या पुठ्ठ्याला ३ ते ४ सेंटीमीटरचं गोल भोक, त्यावर काच चिकटपट्टीने. काचेपासून २ मीटरवर पांढरं धोतर ताणून बांधा आणि पुढे-मागे सरकवा. २० मीटरवरचं १० मीटर उंच झाड धोतरावर १ मीटरचं, रंगीत, उलटं उमटतं, पानं हलताना दिसतात. रस्त्यावरची माणसं डोक्यावर चालतात.

दोन ठिकाणी फसतं. दाराखालची फट आणि कौलांच्या सांध्यातून येणारा उजेड चित्र धुवून टाकतो. दाराखाली पोतं दाबा आणि मुलांना दहा मिनिटं काळोखात बसू द्या. सूर्याकडे तोंड असलेली खिडकी घेऊ नका आणि त्या काचेतून सूर्याकडे कुणालाही बघू देऊ नका.

काच दुकानातच तपासून घ्या: खिडकीसमोर २ मीटरवर भिंत असेल तर काच खिडकीपाशी, भिंतीपासून २ मीटरवर धरल्यावर खिडकीबाहेरचं उलटं चित्र भिंतीवर यायला हवं. दुकानात उजेड असेल तर फारच फिकट येतं, कदाचित दिसणारही नाही. चुकून -०.५० हातात पडली तर कितीही सरकवलंत तरी काहीच उमटणार नाही.